यंत्रबाईचं अस्तर

माप

सगळे तिला मापवाली म्हणत. दारातून आत येणाऱ्या बाईकडे नुसती नजर टाकून खांदा, छाती, कंबर बोटभरही न चुकता सांगणारी, म्हणून मापवाली. पण आज इस्पितळात तिच्यासमोर जी उभी होती, तिचं माप नजरेत मावेना.

ती यंत्रबाई होती. बायकांच्या वॉर्डात पेशंट उचलायला आणलेलं माणसाएवढं यंत्र. दोन हात, दोन पाय, पांढरं गुळगुळीत अंग आणि बाईचा आवाज. पहिल्याच दिवशी कुणाचातरी दीर दारातून ओरडला होता, "आमच्या बायकांत हे असं उघडंवाघडं फिरणार?" लगेच इस्पितळ समितीच्या अध्यक्षांनी हुकूम काढला: यंत्राला कपडे शिवा. गळा बंद, बाही मनगटापर्यंत, झगा घोट्यापर्यंत, डोक्याला रुमाल. कापड सिस्टरांच्या गणवेशाचंच, जाड आणि घट्ट विणीचं.

टेप गुंडाळताना मापवाली सवयीने म्हणाली, "श्वास सोड गं."

यंत्र बसवून द्यायला आलेला मशीनवाला खो खो हसला. तेवढ्यात यंत्राच्या पाठीतल्या जाळीतून गरम हवेचा झोत आला, आणि मापवालीने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"हाच तिचा श्वास, मावशी," मशीनवाला आता हसत नव्हता. "पाठीची जाळी आणि बगलेखालच्या फटी झाकायच्या नाहीत. अंगात उष्णता साठली की ती थांबते. हात असतील तिथेच घट्ट होतात."

"आणि हातात पेशंट असली तर?"

"तर तिला तशीच धरून उभी राहते. म्हणून तर बजावतोय."

मापवालीने जाळी आणि फटींच्या जागा मापाच्या कागदावर टिपून घेतल्या.

बेत

मापवालीची सून त्याच वॉर्डात सिस्टर होती. सहावा महिना. घरी येऊन तिने पाय वर घेतले आणि कापडाच्या ढिगाकडे पाहून म्हणाली, "आई, माझ्यासाठी जाऊ शोधलीत म्हणे!"

"शोधली. तुझ्यासारखी उलटून बोलत नाही ती."

"पगार नाही, सुट्टी नाही. कशाला बोलेल?"

मापवालीने तीन दिवस डोकं खाजवलं, चार कागद फाडले. शेवटी पाठीवर रुंद चुण्या घेतल्या आणि चुण्यांच्या आत विरळ कापडाची पट्टी लावली. समोरून झगा बंद, मागून वारा खेळता. बगलेतही तसंच.

सुनेने त्या चुण्यांवरून बोट फिरवलं. "आमच्या गणवेशालाही असं करा ना. परवा दुपारी डोळ्यांपुढे अंधारी आली मला."

"पोटुशी बाईला येतेच अंधारी. मी नऊ महिने या भट्टीत मशीन चालवलं. सवय होते."

"झाली होती तुम्हाला?"

मापवालीने दाताने दोरा तोडला.

अस्तर

अध्यक्षांनी झगा खिडकीशी धरला आणि पाठीच्या चुण्यांत हात घातला. पलीकडून त्यांची बोटं दिसली.

"हे काय? बोटं दिसतात."

"साहेब, मशीनवाल्याने सांगितलंय की हवा..."

"मशीनवाला गेला काल. लोकांना तोंड आपल्याला द्यायचंय. चुण्या शिवून टाका. आतून अस्तर लावा."

मापवालीने म्हणायला हवं होतं: साहेब, यात एखादीचा जीव जाईल.

मापवाली म्हणाली: बरं, साहेब.

ती घाबरली होती. याच साहेबांच्या शब्दावर सुनेला नोकरी लागली होती. आणि याच साहेबांनी "त्या शिंप्याला लाजलज्जेची चाड नाही" एवढंच म्हटलं, तर पलीकडच्या गल्लीतलं दुकान महिन्याभरात बंद पडलं होतं. तिने अस्तर लावलं. शिलाई मात्र सरळ येईना. उसवायची, पुन्हा घालायची.

फिटिंग

दोन दिवसांनी भर दुपारी ती झग्याचा घेर बघायला वॉर्डात आली. बाहेर रस्त्याचं डांबर पाघळत होतं. वॉर्डातला कूलर सकाळपासून बंद. यंत्रबाई नखशिखांत झाकलेली, नीटनेटकी, खिडकीजवळच्या खाटेवरून शाळेच्या बाईंना उचलत होती. शाळेच्या बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, खुब्याचं हाड मोडलेल्या, जिभेने मात्र धडधाकट.

"हळू गं बाई," त्या यंत्राला म्हणाल्या. "मी काही पोस्टाचं पार्सल नाही."

यंत्रबाई अर्ध्यावर थांबली.

"तापमान मर्यादेबाहेर. मी थांबत आहे."

बस्स. पुढे काही नाही. शाळेच्या बाई तिच्या हातांत तिरक्या लोंबकळत होत्या, आणि मोडलेला खुबा खाली ओढला जात होता. त्या ओरडल्या. मापवालीला कापड करपल्याचा वास आला. मीच शिवलंय हे, मीच! तिचे पाय फरशीला चिकटले.

धावली ती सून. बाईंच्या खाली खांदा घालून तिने भार घेतला. "सिस्टर! कुणीतरी या!" वॉर्डातली दुसरी सिस्टर वरच्या मजल्यावर गेलेली. सुनेच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या, ओठ पांढरे पडले.

"आई... मागून... हवा..." एवढंच ती बोलली.

गलका ऐकून अध्यक्ष दारात आले. "आधी पडदा ओढा! अंगावरचं काढू नका, बाहेर लोक आहेत!"

त्या आवाजाला मापवाली आयुष्यभर भ्यायली होती. आत्ताही भ्यायली. पण सुनेचे गुडघे वाकताना दिसले, आणि तिने कात्री काढली.

उसवण

टर्रर्र! मानेपासून कमरेपर्यंत झगा फाटला, अस्तर फाटलं. गरम हवेचा लोट तिच्या तोंडावर आला. पापण्या होरपळल्यासारख्या झाल्या. एक क्षण, दोन, दहा. यंत्राचे हात हलेनात. सून कण्हत होती. शाळेच्या बाईंनी डोळे मिटून घेतले होते. मग कुठेतरी आत पंखा घुरघुरला आणि यंत्रबाईने बाईंना अलगद खाटेवर ठेवलं.

आणि सून कोसळली.

मापवाली तिच्याजवळ बसली. अंग हात लावू देईना इतकं तापलेलं. तिने तिचाही गळा कात्रीने उघडला, बाह्या कापल्या. शेजारच्या खाटांवरच्या बायका उठल्या, ज्यांना उठता येत नव्हतं त्यांनी आपल्या चादरी दिल्या, आणि उठलेल्यांनी त्या चादरींचा दोघींभोवती आडोसा धरला. डॉक्टरीणबाई आल्या. ओले टॉवेल आले. डॉक्टरीणबाईंनी सुनेच्या पोटावर बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र ठेवलं.

काही ऐकू येईना.

मापवालीने आपली बोटं चावली. आपल्या हातांनी शिवलेल्या कापडात आपलंच नातवंड...

मग धडधड ऐकू आली. बारीक, पळत सुटलेली.

"आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणखी थोडा वेळ गेला असता तर मी काही सांगू शकले नसते."

अध्यक्ष चादरींच्या पलीकडून म्हणाले, "यंत्राचं अस्तर आजच काढा. जाळी लावा. त्याला पुन्हा असं होता कामा नये."

"आणि हिला?" खाटेवरून शाळेच्या बाईंनी विचारलं.

"हिला काय? चक्कर आली. पाणी द्या."

"अहो, कापड तेच आहे की! यंत्र एकदा बोललं, तर तुम्ही पाच मिनिटांत नियम बदललात. ही पोरगी गेल्या आठवड्यात भिंत धरून उभी होती, मी पाहिलंय. तिच्यात तापमापक बसवलेला नाही म्हणून तिचं तापणं खोटं?"

"मी वॉर्डाची लाज राखतोय, बाई."

"लाज आत्ता कुणी राखली? या चादरी धरलेल्या बायकांनी. एकमेकींना विचारून, गरज होती तेवढीच!"

अध्यक्ष खाली वाकले. फाटलेल्या अस्तराचा तुकडा त्यांनी उचलला. तो अजून गरम होता. त्यांनी तो हातात धरून पाहिला आणि खाली ठेवला.

मापवाली उभी राहिली. "साहेब, चूक माझीही आहे. मला ठाऊक होतं. भीतीपोटी बोलले नाही. सुनेनेही सांगितलं होतं, तिला म्हटलं सवय होईल. यंत्राचा झगा मी करीन, पण नंतर. आधी सिस्टरांचे गणवेश. आणि हे कापड मी पुन्हा कापणार नाही."

"गळा बंद राहील ना?" अध्यक्षांनी विचारलं, पण आवाजात जोर नव्हता.

"ते मला नका विचारू. त्यांना विचारा."

अध्यक्ष हळूच म्हणाले, "पातळ कापड मागवतो. बाकीचं... तुम्ही विचारून घ्या."

संध्याकाळी मापवाली वही घेऊन सुनेच्या खाटेशी बसली. "सांग, कुठे कुठे तापतं?"

"आई," सून क्षीण हसली, "वही मोठी घ्या."

नागरिकहो, आपल्या घरात, कचेरीत, शाळेत कुणाच्या ना कुणाच्या अंगावर आपण नियम शिवलेले असतात. शिवताना आपण बघणाऱ्यांचा विचार करतो, ते अंगावर वागवणाऱ्यांचा नाही. अंग झाकायचं की नाही हा वादच नाही. ज्याचं अंग, त्याला विचारलं का, एवढंच स्वतःला विचारा. आणि कुणी "मला त्रास होतोय" म्हणालं, तर "सवय होईल" हे शब्द ओठांवर येण्याआधीच गिळून टाका. यंत्र बंद पडलं तर पुन्हा सुरू होतं. माणसाचं तसं नाही!