घाईत संपवलेला सिनेमा

"अरे, धर की आता तिचा हात!" मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं आणि अख्खं थिएटर खिदळलं.

हॉस्पिटलातली सिस्टर मात्र खुर्चीच्या अगदी काठावर आली होती. पडद्यावर घोडागाड्यांच्या काळातला तो घड्याळजी मास्तरीणबाईंच्या दारात उभा होता. दुरुस्त केलेलं घड्याळ त्याने केव्हाच हातात दिलं होतं. आता बोलायचं की निघायचं, एवढंच उरलं होतं. तो बोलेना आणि हलेनाही.

मध्यंतर होताच लेक उठली. "आई, चल. डोकं उठलं माझं. ती बाई मघापासून नुसते पडदे सारतेय."

"पडदे नाही गं सारत. तो गेला का ते बघतेय."

"मग सरळ विचारावं ना!"

"बाहेर मस्त जेवू, आई," मोबाइल खिशात टाकत जावई म्हणाला. "तुम्हीही कंटाळला असाल."

नवरा अकाली गेला, वॉर्डातल्या नोकरीवर सिस्टरने लेकीला वाढवलं. लेकीच्या मनाविरुद्ध वागणं अंगवळणीच पडलं नव्हतं. पण आज तोंडून निघून गेलं, "तुम्ही जा. मी बघणार आहे." आणि स्वतःच्याच धिटाईचं तिला हसू फुटलं.

सिनेमा संपून दिवे लागले तेव्हा जवळजवळ सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पुढे एकच माणूस चष्मा पुसत बसला होता. हॉस्पिटलच्या औषधखिडकीवरचा फार्मासिस्ट! बायको गेल्यापासून औषधांच्या नावांपलीकडे त्याच्या तोंडून शब्द निघत नसे.

"सिस्टर? तुम्ही थांबलात?"

"थांबणारच! ती जिन्यावरून परत फिरली, तेव्हा मी ओरडणारच होते."

"मी ओरडलो," तो म्हणाला. "हळूच."

"आणि शेवट? आवडला?"

त्याने जरा विचार केला. "घाईच केली थोडी, नाही?"

सिस्टर इतकी हसली की झाडूवाली वळून बघू लागली.

बाहेर एक माणूस शिडीवर चढून पोस्टर उतरवत होता.

"अहो, काढता काय?"

"माणसंच येत नाहीत, बाई. उद्यापासून मारामारीचा लागतोय."

सिस्टरचा चेहरा पडला. तिला उद्या पुन्हा यायचं होतं.

"पलीकडच्या शहरात चालू आहे अजून," फार्मासिस्ट म्हणाला. "बसने जावं लागेल. मी जाणार आहे." एवढं बोलून तो पुन्हा चष्मा पुसू लागला.

सिस्टरने थोडी वाट पाहिली. मग विचारलं, "मी आले तर चालेल?"

"अहो, चालेल काय!" त्याचे कान लाल झाले. "बसच्या वेळा विचारून घेऊ या का? आत्ताच?"

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "आई, घ्यायला येऊ?"

"नको गं. येते मी सावकाश."

भिंतीवर आता नुसते खिळे उरले होते. बसस्टँड समोरच्या रस्त्याने सरळ होता. दोघं बाजारातून, लांबच्या वाटेने निघाली.