न ऐकलेल्या गाण्याचा पुरस्कार

पुरस्काराचं पत्र आलं तेव्हा तेजल गांगुर्डे आनंदानं घरभर नाचली, आणि तासाभरात डोक्याला हात लावून बसली.

द्वारका चौकाजवळ दुसऱ्या मजल्यावर तिचा एका खोलीचा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षं निवडणाऱ्या सगुणाबाई तिथं येऊन स्वतः रचलेलं गाणं गाऊन गेल्या होत्या. तेजलनं ते 'स्वरगोदा म्युझिक अवॉर्ड्स'ला पाठवलं. त्याला दोन पुरस्कार लागले होते, उत्कृष्ट ध्वनिमुद्रण आणि उत्कृष्ट गायिका. पाठवलेली फाइल पुन्हा एकदा ऐकावी म्हणून तिनं हेडफोन लावला, तर आत गाणंच नव्हतं. गाण्याआधी रिकाम्या खोलीचा आवाज टिपून ठेवतात, म्हणजे नंतर पंख्याची घरघर काढता येते. घाईत तीच फाइल गेली होती. साडेतीन मिनिटं, नुसती खोली!

तिनं संयोजक सावळीराम भामरे यांना फोन लावला.

"सर, माझी चूक झालीय. त्या फाइलमध्ये गाणं नाहीये."

"असं कसं? परीक्षकांनी तीन-तीनदा ऐकलंय."

"पण काय ऐकलं?"

"मॅडम, परीक्षकांचा निर्णय अंतिम असतो. फॉर्मवर सही केलीय तुम्ही," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तेजल पिंपळगाव गाठून सगुणाबाईंपुढे खाली मान घालून उभी राहिली. हातातला घड तसाच धरून सगुणाबाईंनी विचारलं, "म्हंजी मी तोंडबी उघडलं नाय, तरी पहिली?"

"हो, मावशी."

सगुणाबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "मंग जाऊ की, पोरी. तिथं तरी कुनी ऐकंल."

समारंभ दुपारी चारला होता. प्रवेशिका एक्याऐंशी आणि पुरस्कार चौऱ्याऐंशी, त्यामुळे कुणी नाराज व्हायचा प्रश्नच नव्हता. मुख्य परीक्षक खंडेराव शेवाळे खांद्यावरची शाल सावरत माइकपुढे आले.

"सगुणाबाईंचा तो वरचा षड्ज ऐकून मी दोन दिवस जेवलो नाही," ते म्हणाले. "आणि ध्वनिमुद्रण काय स्वच्छ! कुठं खरखर नाही, काही नाही."

तेवढं मात्र खरं आहे, तेजलच्या मनात आलं. सन्मानचिन्ह हातात पडताच ती म्हणाली, "सर, तो षड्ज सगळ्यांना ऐकवूया ना. तुमच्याकडे आलेलीच फाइल लावा."

भामरे नको-नको म्हणेपर्यंत फाइल सुरू झाली. सभागृहात शांतता पसरली. अर्ध्या मिनिटानं पहिल्या रांगेतले नगरसेवक मान खाली घालून उभे राहिले. पाठोपाठ सगळे उठले.

"कोण गेलं गं?" मागच्या एका बाईंनी विचारलं.

"मोठंच कुणीतरी असणार."

स्टेजवरच्या खुर्चीत खंडेराव डोळे मिटून मांडीवर ताल धरत होते. मधेच त्यांनी समेवर मान डोलावली.

फाइल संपली. "यात गाणं नव्हतंच," तेजल म्हणाली. "माझी रिकामी खोली होती ती."

कुणीतरी फिस्सकन हसलं. भामऱ्यांनी माइक हिसकावून घेतला. "तेजलताईंचा स्वभाव भारी विनोदी आहे!"

तेवढ्यात सगुणाबाई पुढे झाल्या आणि बिनमाइकच्या गाऊ लागल्या.

"मनी मनी निवडिते, हात माझे झाले गोड,
माझ्या नावाचा गं घड, कुन्या गावाला गं धाड..."

सभागृह पुन्हा गप्प झालं, पण या वेळी कुणी उभं राहिलं नाही. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जात होता. दुसरं कडवं सुरू होताच भामऱ्यांनी खूण केली आणि स्पीकरवर ढॅणढॅण संगीत वाजलं. "वेळेअभावी आपण पुढच्या पुरस्काराकडे वळूया," निवेदक म्हणाला. अजून एकावन्न वाटायचे होते.

दोन्ही सन्मानचिन्हं तेजलनं तिथल्या टेबलावर ठेवली आणि सगुणाबाईंचा हात धरून ती बाहेर आली. दहा-बारा बाया मागोमाग आल्या. "मावशी, पुरं करा की," त्यांनी धोशा लावला. सगुणाबाईंनी पायरीवर बसून सगळं गाणं म्हटलं. तेजलनं ते मोबाइलवर टिपून घेतलं, रिक्षांच्या हॉर्नसकट.

चहाला बाहेर आलेले खंडेराव कप हातात घेऊन शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"आवाज छान आहे, बाई," ते म्हणाले. "पण रेकॉर्डिंगमध्ये जी जादू होती, ती इथं नाही आली."

तेजल काही बोलणार होती, तोच सगुणाबाईंनी तिचा हात दाबला.

"बराबर हाय सायब," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "तिथं मी लय जीव तोडून गायले व्हते."