पेरूवरची मच्छरदाणी

मित्रांनो, मी एक जुनी मच्छरदाणी आहे. सध्या माझ्या पिशव्या झाल्या आहेत आणि मी परसातल्या पेरूच्या झाडावर लटकते आहे. पण पूर्वी माझी जागा पलंगावर होती. घरातला बाळ माझ्याखाली वाढला. डास बाहेर गुणगुणत आणि तो आत मुठी मिटून निजे. पुढे बाळाला मिशा फुटल्या, तरी सगळे त्याला बाळच म्हणत राहिले. मग खिडक्यांना जाळ्या बसल्या आणि माझी रवानगी ट्रंकेत झाली. त्या अंधारात फार एकटं वाटायचं.

परसातला पेरू आजोबांनी लावलेला. अलीकडे त्याला फळमाशी लागली होती. ती सालीखाली अंडी घालायची, आत अळ्या व्हायच्या आणि फळं सडून पटापट गळायची. आवारभर घाण वास सुटायचा.

बाळ वैतागला. "आजोबा, पुरे झालं आता. या बहारात धड फळ निघालं नाही, तर झाड तोडून टाकतो."

आजोबा खिडकीकडे तोंड करून बसले.

बाळाच्या आत्याला ते बघवेना. आत्या शिवणकाम करते. तिनं मला ट्रंकेतून काढलं आणि कात्री चालवली. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण पुन्हा कामाला लागल्याचा आनंदही झाला. आत्यानं टेप घेऊन एकेका पेरूचं माप घेतलं आणि अंगासरशा पिशव्या शिवल्या.

"आत्या, बाह्यापण लाव ना!" बाळ हसला.

फळं वाढली आणि पिशव्या तट्ट झाल्या. माश्या माझ्यावरच बसून जाळीतून फळाला डंख मारू लागल्या. माझा जीव तळमळला, पण मी काय करणार? पेरू कापला, तर आत अळ्या वळवळत होत्या. बाळ करवत घेऊन आला.

आत्या झाडाखाली रडवेली उभी होती. "माझं माप आजवर कधी चुकलं नाही रे."

तेवढ्यात खिडकीतून आजोबांचा आवाज आला. "तिथंच चुकलं, पोरी. हा तान्हा असताना झोपेत मच्छरदाणीला चिकटायचा, तेव्हा डास बाहेरूनच चावायचे. आठवतंय? रात्रभर याला मधोमध सरकवत बसायचो आपण."

बाळानं करवत खाली ठेवली.

वरच्या फांद्यांवर बारीक, कडक फळं अजून शाबूत होती. आत्यानं टाके उसवून दोन-दोन पिशव्यांची एक सैल पिशवी केली. मनाविरुद्ध, नाक मुरडत केली, पण केली. बाळानं त्या देठाशी घट्ट बांधल्या. गळलेल्या फळांतल्या अळ्या मराव्यात म्हणून ती फळं तो रोज वेचून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून उन्हात ठेवू लागला.

अखेर एक पेरू पिकला. बाळानं तो चिरला. आत एकही अळी नव्हती! त्यानं बिया काढून गर चमच्यानं आजोबांना भरवला. आजोबांचे डोळे भरून आले आणि माझा जन्म सार्थकी लागला.

मित्रांनो, घरात जुनी जाळी असेल तर फेकू नका. फळं कोवळी असतानाच ती बांधा. पण सैल बांधा. ज्याला जपायचं, त्याला वाढायला जागा ठेवा.

आणि हो, ट्रंकेतली माझी जागा रिकामी नाही बरं का. बाळानं तिथं करवत ठेवली आहे.