रद्द झालेल्या नकाशावरची वाट

मी एका घराचा नकाशा बोलतोय. माझ्यावरून एक चिराही रचला गेला नाही, तरी आत्मवृत्त सांगायला बसलोय म्हणून तुम्ही हसाल. हसा बापडे. पण जन्मलो तेव्हा मी फार देखणा होतो.

जन्म कुडाळचा. आर्किटेक्ट संचिताच्या ऑफिसात मी कोरा करकरीत छापून निघालो. माझ्यावर तारकर्लीचं एक दुमजली घर होतं, समुद्राकडे मोठमोठ्या काचा, भोवती सात फुटी भिंत. सगळं क्लेटनच्या हौसेचं. क्लेटन जहाजावर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यात. वडील जॉर्ज वारले तेव्हापासून त्याची आई क्लेमेंटिनाबाई त्या जागेवरच्या दोन कौलारू खोल्यांत एकटी राहते.

"भरतीच्या रेषेपासून अंतर सोडलंय मी," संचिता म्हणाली होती, "पण पुढचा वाळूचा उंचवटा तरी ठेवा. वारा तोच अडवतो."

"पण समुद्र दिसायला हवा ना मॅडम," क्लेटन म्हणाला. उंचवटा माझ्यावरून गेला. मला तेव्हा त्याचं काहीच वाटलं नाही. दिसण्यावर फार जीव होता माझा.

सुट्टीवर आल्यावर तिसऱ्याच दिवशी क्लेटनने मला हातात धरून जमिनीवर चुन्याची फक्की मारली. फक्कीने आखलेल्या बेडरूममध्ये क्लेमेंटिनाबाईंनी चटई टाकली आणि चक्क आडव्या होऊन पाहिलं. "बरी आसा रे," म्हणाल्या, पण नजर भिंतीच्या फक्कीवर होती. मनापासून कौतुक केलं नाही म्हणून मी जरा रुसलोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी रापण लागली होती. रापण म्हणजे समुद्रात अर्धगोल सोडलेलं लांबलचक जाळं, पन्नासेक माणसं ते किनाऱ्यावरून ओढून घेतात. मग ओलं जाळं खांद्यावर घेऊन वीसजण याच जागेतून मांगराकडे, म्हणजे जाळी ठेवायच्या खोपीकडे जातात. ही वाट कुठल्याच कागदावर नव्हती, त्यामुळे माझ्यावरही नव्हती. मासळीचे वाटे पडतात, त्यात रापणीत राबलेल्या माणसाच्या विधवेचाही वाटा असतो. जॉर्जचा वाटा अजून क्लेमेंटिनाबाईंच्या दारात येतो.

रांगेच्या पुढे गुरुदास होता, जॉर्जचा जुना जोडीदार. फक्की दिसताच तो थांबला. आखलेल्या घरावर पाय द्यायचा नाही, ही या माणसांची रीत. काही न विचारता त्याने रांग वळवली. पण वीस खांद्यांवरचं ओलं जाळं असं सहज वळत नाही. केवड्याच्या बनात ते अडकलं, फाटलं, माणसांचे पाय सोलवटले. तरी गुरुदास बांगडे घेऊन मागच्या दारी आलाच.

"बाय, ह्याच्या फुडे वाटो फाटकार ठेवतलंय. भिंत झाल्यार आत कसो येतलंय?"

तो गेला आणि क्लेमेंटिनाबाईंनी केरसुणी उचलली. भराभर भिंतीची फक्की झाडायला लागल्या.

"मम्मी, काय करतंस गो? ती भिंत तुझ्यासाठीच आसा! मी दर्यात, तू हंय एकटी. माका थंय नीज लागत नाय."

"एकटी? अरे, ह्या वाटेन रोज वीस माणसा जातत. नाताळात ताप इल्लो, दार उघडूक नाय म्हणान गुरुदासान हाक मारल्यान. त्यांनीच माका डॉक्टराकडे न्हेल्यानी. भिंत घातलंस तर माझा दार कोण बगतलो?"

क्लेटन वाळूत बसला. "ताप इल्लो? माका कित्याक सांगूक नाय?"

"दर्यातसून येतलंस कसो रे?" त्या हळू आवाजात म्हणाल्या आणि त्याच्या केसांवरचा चुना पुसला.

मला फार लाज वाटली. इंच न् इंच मोजलेला मी, आणि या बाईला जपणारी गोष्टच माझ्यावर नव्हती.

क्लेटनने संचिताला बोलावलं. तिने मला पायरीवर पसरलं, कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि पेन्सिल क्लेमेंटिनाबाईंच्या हातात दिली. शाळा सुटल्यापासून पेन्सिल न धरलेला तो हात. बाईंनी माझ्या मधोमध, थेट काचेच्या हॉलमधून, वाटेची एक वाकडी रेघ ओढली. संचिता हसली. तिने घर मागे सरकवलं, एकमजली केलं, उतरतं कौलारू छप्पर दिलं. वाळूचा उंचवटा जागच्या जागी राहिला. भिंत गेली. स्वयंपाकघराचं दार वाटेकडे आलं. तो नवा नकाशा झाला, आणि माझ्यावर लाल शाईची काट बसली. दुखलं, खोटं कशाला सांगू?

मी चुलीत जाणार असं धरून चाललो होतो. पण क्लेटनने जाताना माझी घडी घालून बॅगेत ठेवली. आता मी जहाजावर, त्याच्या केबिनच्या भिंतीला चिकटवलेला आहे. तिकडे घराचे चिरे चढू लागलेत म्हणे. मी ते पाहणार नाही.

जाता जाता एवढंच सांगतो. किनाऱ्यावर घर बांधणार असाल, तर माझ्यासारख्या देखण्या कागदावर भाळू नका. आधी त्या जागेतून कोण ये-जा करतं ते पाहा.

फोन लागला की क्लेटन आईच्या रेघेवर बोट ठेवतो. "आज वाटेन कोण कोण गेला गो?" आई एकेक नाव सांगत राहते, आणि सगळी नावं संपेपर्यंत त्याचं बोट माझ्यावरून उठत नाही.