कौसल्याबाईंचा चोर

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे. कळंबजवळच्या एका गावात, मारोतरावांच्या घरी राहते. माझ्या चार पट्ट्या आता खाली बसल्या आहेत, वर येत नाहीत.

छप्पन साली पांढरकवड्याकडच्या सागवानातून एका कारागिराने मला घडवले. मारोतरावांनी लग्नाच्या वर्षीच मला घरी आणले. शेतावरून आले की हातपाय धुऊन ते माझ्यापुढे बसत. भाकरी टाकून झाल्या की त्यांच्या पत्नी कौसल्याबाई शेजारी येऊन गात. लोक म्हणत, पेटी फार गोड आहे. मला ते खरे वाटे.

एकसष्ट साली रेडिओ आला. त्याला ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्याला माझ्यावर ठेवले. होय, माझ्याच डोक्यावर! कौसल्याबाईंनी त्याच्यासाठी फुलाफुलांचे आवरण विणले. माझ्या अंगावर जुन्या लुगड्याचा तुकडा होता.

दर बुधवारी संध्याकाळी रेडिओवर एक रहस्यनाटक लागे. त्यात एक फौजदार होता आणि बैरागी नावाचा चोर. ऐकायला ओसरी भरून जाई. एका भागात दिराने विधवा भावजयीची नथ दाबून ठेवली होती. बैराग्याने ती चोरून तिला परत दिली, आणि फौजदाराने चोरीचा माल म्हणून तिच्याकडून काढून घेतली.

“फौजदारानं बराबर केलं,” मारोतराव म्हणाले.

“तिचीच नथ तिले भेटली, तं चोरी कायची?” कौसल्याबाईंनी विचारले.

“कायद्यानं मागाची होती.”

“मागता मागता नाकाचं भोक बुजलं असतं तिच्या!”

ओसरी हसली. जवळच्या बंजारा तांड्यावरचे पूनमसिंग न चुकता यायचे. ते म्हणाले, “वहिनी, तुमी वकीलच व्हा.”

मी आतल्या आत जळत होते. माझ्यासाठी त्या कुणाशी अशा कधी भांडल्या नव्हत्या.

मला मात्र एक गोष्ट ठाऊक होती. रेडिओचा आवाज माझ्या लाकडातून जाई. फौजदार बोलो की बैरागी, बोलण्याआधीचा श्वास एकच होता. मी वाऱ्यावर जगणारी, मला श्वास ओळखता येतो. दोघांचे काम एकच माणूस करत होता! पण घरात हे कुणालाच कळले नव्हते. नाटक संपले की मारोतराव बॅटरी वाचवायला रेडिओ लगेच बंद करत, त्यामुळे कलाकारांची नावे कधी ऐकूच येत नसत.

वाद वाढत गेला तसा मला आनंद होऊ लागला. वाटले, भांडणापायी एक दिवस रेडिओ घराबाहेर जाईल. मग एका बुधवारी मारोतराव सगळ्यांपुढे म्हणाले, “तुले तो चोरटा इतका आवडते, तं जाय त्याच्याच घरी!”

कौसल्याबाई उठल्या आणि आत गेल्या. पुढच्या बुधवारी त्या बाहेर आल्या नाहीत. पण माझ्याजवळ गायलाही आल्या नाहीत. हे मी गृहीत धरले नव्हते. घरात फक्त भांड्यांचा आवाज राहिला.

चौथ्या बुधवारी नाटक संपले, पण रेडिओ बंद करायला मारोतराव जाग्यावर नव्हते. ते स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे होते. तेवढ्यात रेडिओने सांगितले, फौजदार आणि बैरागी या दोन्ही भूमिका एकाच कलाकाराने केल्या.

पूनमसिंगांनी मांडीवर थाप मारली. “मारोतराव! एकाच मानसापायी तुमी दोघं महिनाभर भांडून राह्यले!”

आत कौसल्याबाईंना हसू आवरेना. पिठाचा हात तोंडावर गेला.

“चुकलो मी, कौसल्ये,” मारोतराव म्हणाले.

“कायद्यानं मागा माफी,” त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी रेडिओ खाली उतरला आणि मला उघडले गेले. मी जिंकले असे मला वाटले. कौसल्याबाई जवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “अवो, त्या नाटकाची धून वाजवा ना.”

वैऱ्याची धून! जीव जळला, पण मी वाजले.

सहासष्ट साली तापाने कौसल्याबाई गेल्या. मारोतरावांनी मला पुन्हा उघडले नाही. ते नाटकही केव्हाच संपले होते. पूनमसिंग मात्र अजून बुधवारी येऊन बसतात. परवा बोलता बोलता ते म्हणाले, “काही म्हना, फौजदारच बराबर होता.”

मारोतराव ताडकन उठून बसले. “कायचा बराबर? नथ तिची होती!” मग दिवेलागणीपर्यंत ते बैराग्याच्या बाजूने भांडत राहिले. पूनमसिंगांनी एकदाही त्यांना अडवले नाही.

मला हेवा वाटला. रेडिओचा नव्हे, त्या चोराचा.

मित्रांनो, तुमच्या घरी पेटी असेल तर तिचा भाता अधूनमधून उघडत जा. बंद राहिला की त्याला चिरा पडतात. आणि घरच्या माणसाची बाजू घ्यायची असेल, तर ते माणूस ऐकायला आहे तोवर घ्या.