मी 'बरोबर' म्हणालो होतो

मित्रांनो, मी एक जुना सिद्धता-तपासनीस आहे. माणूस नव्हे, संगणकातला प्रोग्राम. गणितातली सिद्धता कोणी लिहून दिली की मी तिची पायरी न् पायरी तपासतो आणि 'बरोबर' किंवा 'नाही' एवढंच सांगतो. तसं हे ताठ मानेने मिरवावं असं काम, पण आज मी मान खाली घालूनच बोलतो आहे.

मला एका मुलीने आपल्या वडिलांसाठी घडवलं. ते निवृत्त गणितशिक्षक, एका बोटाने टाइप करणारे. नियमांतून वस्तू कशा रचायच्या ते तिने मला शिकवलं. शून्य हा आकडा, आणि कोणत्याही आकड्याच्या पुढचा तोही आकडा. बस, दोन नियमांत सगळे आकडे तयार! अट एकच: नवी वस्तू आधी रचलेल्या वस्तूंवरच उभी राहावी. स्वतः पूर्ण रचून होण्याआधीच स्वतःवर भिस्त ठेवणारी व्याख्या दिसली, की मी ती परत पाठवायची.

ही पारख मला नीट जमेना. चांगल्या व्याख्याही मी अडवू लागलो. वैतागून तिने पारखच बंद केली आणि शेजारी टीप लिहिली, 'पुढच्या आठवड्यात चालू करणे.' तो आठवडा चार वर्षं उजाडलाच नाही. मलाही ते सोयीचंच पडलं, हे कबूल करतो. "काय झटपट तपासतो हा!" असं मला वापरू लागलेले इतर लोक म्हणत आणि मी फुशारून जाई.

त्या चार वर्षांत वडिलांनी खपून एक सिद्धता पुरी केली. मी क्षणात 'बरोबर' म्हणालो. ते चपला न घालताच शेजाऱ्यांना सांगायला धावले.

महिन्याभराने मला वापरणाऱ्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलं. स्वतःवरच भिस्त ठेवणारी एक व्याख्या देऊन, शून्य आणि एक सारखेच आहेत, असं तिने माझ्याकडून वदवून घेतलं होतं! तीन दिवस बसून मुलीने पारख दुरुस्त केली, चालू केली आणि वडिलांची सिद्धता पुन्हा माझ्यापुढे ठेवली. बाराव्या ओळीतल्या व्याख्येवरच मी 'नाही' म्हणालो. पुढचं सगळं तिच्यावरच उभं होतं.

"बाबा, चूक माझी आहे."

"व्याख्या तर मी लिहिली ना गं?"

"पण पारख मी बंद ठेवली होती."

ते पडद्याकडे वळले. "याने तेव्हाच सांगितलं असतं, तर..." एवढंच म्हणाले. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

मित्रांनो, तुम्हाला अडवणारा कोणी असेल, तर वैतागा, भांडा, पण त्याला गप्प बसवू नका.

बाबांनी आता पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली आहे. काल मी त्यांना सात वेळा अडवलं. सातही वेळा ते चष्मा पुसत म्हणाले, "शाबास."

तो शब्द ऐकला की मला त्या 'बरोबर'ची अजून लाज वाटते.