डाव्या अंगाचे ओरखडे

“काय मेला खांब आहे हा. याच्याआड दोन दारांचं कपाट उभं केलं तरी दिसायचं नाही.”

मालकीणबाई पुटपुटल्या. माझ्या डाव्या सीटवर दुखरा गुडघा दाबत त्या बसल्या होत्या आणि त्यांचं तोंड त्या खांबापासून वीतभर अंतरावर होतं. म्हणजे जवळजवळ माझ्या कानातच बोलल्या म्हणा ना.

मित्रांनो, तो खांब माझा. मी एक जुनी, लहानखुरी मोटारगाडी आहे. लहान गाड्यांत उभी केली तर मी उंच दिसते आणि उंच गाड्यांत उभी केली तर अगदीच लहान. शोरूमवाले मला ‘शहरासाठी क्रॉसओव्हर’ म्हणायचे. माझे मालक सुतार आहेत. ते म्हणतात, “आहे छोटीच, पण उंच टाचांच्या चपला घातल्यात.” समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंना माझं छप्पर तोलून धरणारे खांब आहेत. ते जाड आहेत, हे मी कबूल करते. मी उलटले तर आतल्या माणसांची डोकी वाचावीत, म्हणून ते तसे केले आहेत.

माझा जन्म कारखान्यातला. लोखंडी हात ठिणग्या उडवत मला जोडत होते. शेवटी एका बाईने माझं एकेक दार लावून आवाज ऐकला, मान डोलावली आणि मला पुढे ढकललं. तिथेच मी एक गोष्ट ऐकली, ती आजवर माझ्या मनातून गेलेली नाही. माझ्यासारख्याच एका बहिणीला मुद्दाम भिंतीवर आपटलं होतं. मी किती मजबूत आहे, ते बघायला. तिच्यात बाहुल्या बसवल्या होत्या. एक बाहुली लहान मुलाएवढी होती आणि ती मागच्या सीटवर होती, डावीकडे.

भिंत दिसली की अजून मी मनातल्या मनात चाकं मागे ओढते.

मालकांनी मला विकत घेतलं तो दिवस आठवतो. त्यांनी एक डोळा मिटला आणि फळी बघावी तशी माझी कड बघितली. “मागचं दार केसभर वर आहे,” ते म्हणाले. विक्रेता हसला. मग त्याने पट्टी लावून बघितली आणि हसायचा थांबला. गावात मालकांच्या नजरेची ख्यातीच तशी होती. लोक म्हणत, यांना पट्टी लागत नाही, यांच्या डोळ्यातच ती आहे.

केसभर वर असलेल्या दारासकट त्यांनी मला घरी आणलं, कारण माझ्यात त्यांना गुण दिसले. माझी मागची सीट पाडली की सहा फुटी फळ्या पुढच्या सीटपर्यंत सरळ जातात. लाकडाच्या वखारीच्या वाटेवर गुडघाभर खड्डे आहेत, पण माझं पोट घासत नाही. बोळात मी एका दमात वळते. मालकीणबाईंना माझ्यात बसताना वाकावं लागत नाही की चढावं लागत नाही. खुर्चीवर टेकावं तशा त्या टेकतात.

दोषही होते, मी लपवणार नाही. माझी मागची काच न्हाणीघराच्या झरोक्याएवढी आहे. मागे तिघं बसले तर मधल्याने कोपरं कुठे ठेवायची हा प्रश्न पडतो. एसी लावून, फळ्या भरून चढण चढायला लागले की मी धापा टाकते. मोठ्या रस्त्यावर वेग घेतला की चाकांचा आवाज आत इतका येतो की नवरा-बायकोला भांडणसुद्धा ओरडून करावं लागतं.

तरी आमचं बरं चाललं होतं. किती दारं, किती खिडक्या, किती पाळणे मी वाहिले. माझ्या शिवणींत भुसा भरला तो अजून निघालेला नाही. मालकांची नात दवाखान्यातून घरी आली तीही माझ्यातूनच. तिला ते खारू म्हणतात, कारण ती सतत काहीतरी कुरतडत असते. तिची खास खुर्ची मागे बांधली, डावीकडे. ती बांधताना मला ती बाहुली आठवली होती.

पहिला ओरखडा दोन वर्षांपूर्वीचा. वखारीच्या फाटकाला मी डाव्या बाजूने घासले. मालक उतरले, हात फिरवला आणि म्हणाले, “फाटक अरुंद केलं वाटतं.” मग पुढच्या महिन्यात डावा आरसा एका विजेच्या खांबाला लागला. मग एका उभ्या टेम्पोला डावं दार घासलं. गॅरेजवाला मिस्त्री दरवेळी रंग लावायचा. एकदा तो सहज बोलून गेला, “काका, सगळे ओरखडे डाव्या अंगालाच कसे हो?” आणि लगेच बोललेलं गिळल्यासारखा मान खाली घालून म्हणाला, “नाही, गाडीच जरा रुंद आहे.”

रुंद! मी! बोळातले रिक्षावाले मला चिमटी म्हणतात.

मित्रांनो, मला कळायला तसा वेळच लागला. मालक चष्म्याच्या दुकानात जाऊन आले, तिथे त्यांनी सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ घडाघडा वाचली. समोरचा दिवा, समोरची पाटी, समोरचा खड्डा, त्यांना सगळं दिसतं. म्हणून कुणालाच शंका आली नाही. मला आली ती मालकीणबाईंच्या बडबडीमुळे. माझ्यात बसल्या की त्यांचं तोंड चालू. “डावीकडे सायकल आहे बरं का.” “या कुत्र्याला काही कळतं का, आलं बघा डावीकडून.” “फळवाल्याने हातगाडी किती पुढे काढलीये.” मालक चिडायचे. “तू चालवतेस का मी?” पण त्यांचे हात त्याच क्षणी चाक वळवायचे.

मग मी मोजायला लागले. बाई उजवीकडचं कधीच काही सांगत नव्हत्या. उजवीकडून ट्रक आला तरी गप्प. पुन्हा डावीकडे काही दिसलं की सुरू. लोकांना ती कटकट वाटायची. ती कटकट नव्हती. मालकांच्या डाव्या डोळ्याच्या कडेला अंधार साचला होता आणि बाई तिथे बसून त्यांना रस्ता वाचून दाखवत होत्या.

हे त्या कुणाला बोलल्या नाहीत. कशा बोलणार? ज्याचा डोळाच त्याची ओळख, त्याला सांगायचं काय? म्हणून त्या माझ्या खांबाला शिव्या द्यायच्या. मालकांनाही ते बरं वाटायचं. खांबाआड कपाट, खांबाआड टेम्पो, खांबाआड अख्खी दुनिया. मी सगळं निमूट सोसलं.

हे कळलं त्या दिवसापासून मी घाबरत आहे. मालकांनी किल्ली फिरवली की इंजिनाआधी माझी भीती सुरू होते. बाई शिंकल्या तरी धस्स होतं, कारण शिंकेपुरते त्यांचे डोळे मिटतात.

आणि मग या आठवड्यात दोन गोष्टी एकदम ठरल्या. येत्या गुरुवारी बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. त्यानंतर दोन महिने त्या माझ्यात बसणार नाहीत. आणि मालकांच्या मुलीला, म्हणजे खारूच्या नर्स असलेल्या आईला, त्याच्या पुढच्या सोमवारपासून पहाटेची पाळी. म्हणजे खारूला शाळेत सोडायला फक्त मालक. मालक, मी आणि मागे डावीकडे खारू.

रविवारी सकाळी मुलगी वही घेऊन आली. माझ्या मागच्या दारावरचा नवा ओरखडा तिने बघितला होता, खारूच्या सीटच्या बरोबर बाहेरचा.

“बाबा, आपण जरा नीट विचार करू,” ती म्हणाली. “ही गाडी ठेवायची, की बदलायची. मी गुण-दोष लिहून काढते.”

“लिही की. लपवण्यासारखं काय आहे तिच्यात?” मालक म्हणाले. “मायलेज चांगलं. कधी रस्त्यात बंद पडली नाही. हां, चढावर दमते. आता तुझी आईपण दमते.”

“माझं नाव घेऊ नका मध्ये,” बाई म्हणाल्या.

“मागचं दिसत नाही नीट,” मुलगी लिहीत म्हणाली. “आवाज येतो. पार्किंगला सोपी. आई, तुला काय वाटतं?”

“मला काय कळतंय गाडीतलं,” बाई म्हणाल्या आणि पदराने माझा डावा आरसा पुसत बसल्या. तो स्वच्छच होता.

“आता नव्या गाड्यांना कॅमेरे असतात,” मुलगी म्हणाली. “सेन्सर असतात. स्वतः ब्रेक लावतात. तशी घेतली तर मला सोमवारी जरा...” तिने वाक्य पुरं केलं नाही.

मित्रांनो, अशा वेळी माझ्यासारखी म्हातारी गाडी तुम्हाला सांगते, की तेल बदला, हवा तपासा, मला उन्हात ठेवू नका. ते सांगायचं राहू दे. त्या सकाळी मला एवढंच वाटत होतं, की गाडीला ओरखडा आला तर नुसता ओरखडा बघू नका. चाकावर कुणाचे हात आहेत, ते हात कसे आहेत, ते आधी विचारा. रंग नंतर लावता येतो. मी वाईट ठरले असते, तर मोडीत गेले असते. लोखंड कापायच्या यंत्राची मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण मी चांगली ठरले असते, तर त्या सोमवारी मालक एकटेच खारूला घेऊन निघाले असते. आणि नवी गाडी आली असती, तर ती पीं पीं करत हेच लपवत राहिली असती. अजून वर्षभर, नाहीतर एखाद्या भिंतीपर्यंत.

“एक चक्कर मारून बघू,” मालक म्हणाले. “गाडी चालवून कळते, वहीत नाही.”

मुलगी वही घेऊन पुढे बसली. बाईंना मागे बसावं लागलं, उजवीकडे, माझ्या त्या झरोक्याशी. शेजारी खारू, तोंडात शेंगदाणे. मालकांनी किल्ली फिरवली. माझ्या चारी चाकांतली हवा तिथेच निघून गेली असती तर किती बरं झालं असतं. पण चाकं धडधाकट होती.

“डावीकडे दूधवाला उभा आहे,” बाई मागून म्हणाल्या. मान वाकडी करून त्या दोन सीटांच्या फटीतून बघत होत्या. मालकांनी मला उजवीकडे घेतलं.

“डावीकडे गतिरोधक तुटलाय, जरा इकडून. आणि तो सायकलवाला.”

“आई, काय हे समालोचन चाललंय,” मुलगी हसली. “गाडी कशी चालते ते मला ऐकू दे. दोन मिनिटं गप्प बस ना.”

“तीस वर्षं मी हेच सांगतोय,” मालक म्हणाले. सगळे हसले. खारूही हसली, कशाला ते न कळता.

बाई गप्प बसल्या.

ती शांतता मी कधी विसरणार नाही. माझ्या इंजिनाचा आवाज मलाच परका वाटला. बेकरीचा कोपरा आला. मालकांनी डावा इंडिकेटर दिला, समोर बघितलं, चाक वळवलं. मुलगी मान खाली घालून ‘वळायला हलकी’ असं लिहीत होती. आणि डावीकडच्या फुटपाथवरून एक तरुणी बाबागाडी घेऊन रस्त्यात उतरली. मला ती दिसत होती. बाबागाडीवरचं निळं पांघरूणसुद्धा दिसत होतं. पण मित्रांनो, मी तर पायाने दाबलं तरच थांबणारी गाडी. मालकांचा पाय ब्रेकवर नव्हता.

“थांबा,” मागून बाईंचा आवाज आला, इतका मोठा की माझी काच थरथरली.

पाय आदळला. मी माझं सगळं बळ चाकांत आणलं. खारूचा पट्टा आवळून धरला, तेवढंच माझ्या हातात होतं. बाबागाडीपासून हातभर अंतरावर मी थांबले.

ती तरुणी पांढरीफटक पडली होती. “आजोबा, बघून चालवा हो,” ती म्हणाली, आणि बाबागाडी ढकलत निघून गेली. मालकांनी मला कडेला घेतलं आणि इंजिन बंद केलं. पायाखाली शेंगदाणे सांडले होते.

“खांब,” शेवटी मालक म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा होता. “खांबाआड होती ती. एकदम आली.”

मुलीने माझ्या खांबाकडे बघितलं. मग वडिलांकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. मग तिने मान खाली घातली आणि वहीत लिहिलं, ‘डावा खांब जाड’. त्याखाली दोन रेघा ओढल्या. दुसरी रेघ वाकडी गेली.

“हो बाबा,” ती म्हणाली. “खांबच आहे. गाडी बदलू आपण.”

“खोड ते वहीतलं,” मागून बाई म्हणाल्या.

“काय आई?”

“खोड म्हणते ना. खांबाला मीच नावं ठेवत आले, माझंच चुकलं. खांबात काही नाही आणि गाडीतही काही खोट नाही.” त्यांनी खारूचा हात घट्ट धरला होता. “यांना डावीकडचं दिसत नाही.”

मालक समोरच बघत राहिले. मग त्यांनी एक डोळा मिटला, फळी बघताना मिटतात तसा, आणि पुन्हा उघडला.

“मला दिसतं गं,” ते हळूच म्हणाले. “त्या दुकानाची पाटी वाचून दाखवू? खालची बारीक अक्षरंसुद्धा.”

“समोरचं दिसतं हो तुम्हाला,” बाई म्हणाल्या. “डावीकडचं दोन वर्षं मी बघतेय.”